पिकअपची पेट्रोल टाकी : हौदा उचलू की टाकी खाली घेऊ? (तातडीने मदत हवी आहे)

एरीकाठचा
मंडळी, पिकअप दारात बंद पडली आहे. पेट्रोलचा पंप गेलाय. पंप टाकीच्या आत आणि टाकी हौद्याखाली, त्यामुळे हात घालायलाच जागा नाही. इथे ओहायोत गॅरेजवाल्याने हजार डॉलरच्या वर आकडा सांगितला आणि नंबर पुढच्या आठवड्यात. मला शनिवारी सकाळी गाडी हवी आहे, मंडळाच्या गणपतीचं मखर आणि मोठी पातेली न्यायची आहेत. नवा पंप मागवलाय, उद्या येतोय.

प्रश्न एवढाच आहे : पट्ट्या सोडून टाकी खाली उतरवायची, की हौदा वर उचलायचा? व्हिडिओ भरपूर पाहिले, जो तो आपलीच पद्धत सोपी म्हणतो. स्वतःच्या हाताने केलं असेल त्यांनीच सांगा. "गॅरेजला द्या" नको.

निफाडचा बागाईतदार
दादा, टाकी खालीच घ्या. आमच्या पिकअपची टाकी चासीला बाजूला असते, दोन पट्ट्यांवर. हंगामाआधी दर वर्षी उतरवतो, तळाचा गाळ काढतो, थोडं डिझेल घालून खळखळवून ओतून टाकतो. माणूस हाताशी असला की तासाभराचं काम. हौदा कशाला उचलायचा? त्याला क्रेन लागेल. आणि पंप टाकीत कसा काय? आमचा तर इंजिनापाशी आहे. गाडी डिझेल आहे ना?

सुलेखा_डेट्रॉइट
कंपनी, साल, इंजिन, हौदा किती फुटी, टाकीत पेट्रोल किती, यातलं काहीच लिहिलेलं नाही. उत्तर यावरच ठरतं. आणि पंपच गेला हे कशावरून?

एरीकाठचा
शेवी सिल्व्हराडो १५००, २००४, ५.३ लिटर व्ही-८. अर्थात पेट्रोल. गाडीला नावं ठेवायला जागा नाही, वीस वर्षं इमानेइतबारे चालली आहे, पंप झिजायचाच. सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन पकडत नाही. म्हणजे पंपच. हौदा साडेसहा फुटी. आता सांगा, वर की खाली?

पराग७७
सेल्फ फिरतो आणि इंजिन पकडत नाही याची डझनभर कारणं असतात. हौदा उचलून नवा पंप बसवलात आणि दोष निघाला रिलेचा (पंपाला वीज जोडणारा छोटा स्विच), तर शनिवारही गेला आणि पैसेही गेले. आधी हे बघा. चावी फक्त ऑन करा, सेल्फ मारू नका, आणि कोणालातरी टाकीपाशी कान देऊन बसवा. दोनेक सेकंद घुंऽ असा आवाज यायला हवा. नाही आला तर बॉनेटखालच्या डब्यातला पंपाचा फ्यूज बघा आणि त्याच नंबरचा दुसरा रिले तिथे लावून बघा. शिवाय इंजिनावरच्या फ्यूएल रेलला (इंजिनाला पेट्रोल पुरवणारी नळी) गाडीच्या टायरला असतो तसला व्हॉल्व्ह आहे, त्यावर प्रेशर गेज बसतं. या इंजिनाला ५५ ते ६२ पीएसआय लागतं. ऑटो पार्ट्सची बरीच दुकानं अनामत ठेवून गेज वापरायला देतात.

वऱ्हाडी मिस्तरी
गेजची काय गरज हाये? रबरी हातोडी घ्या. एक माणूस सेल्फ मारीन, दुसऱ्यानं खालून टाकीच्या बुडाला दणके द्यायचे, जोरात नाही, बेतानं. गाडी लागली तर पंपाची मोटर अडकून राहते, म्हणजे पंपच. नाही लागली तर मग वायरिंग पाहा. पण तसं लागलं म्हणून तीच गाडी घेऊन कामावर निघू नका बरं, वाटेत दगा देते.

पराग७७
मिस्तरी, पंप पूर्ण जळला असेल तर दणक्यांनी काही होत नाही, आणि मग माणूस म्हणतो पंप ठीक आहे. गेज खोटं बोलत नाही.

वऱ्हाडी मिस्तरी
मी कुठं म्हटलं गेज खोटं बोलते? गेज आणायला दुकानात जावं लागते, अन् त्यायची गाडीच बंद हाये.

ओलावा
तुमच्या टाकीत पाणी झालेलं असणार. भारतात आता ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) आहे, तुमच्याकडेही बहुतेक पेट्रोल पंपांवर १० टक्के इथेनॉल असतंच. इथेनॉल ओलावा धरतं आणि प्रमाणाबाहेर पाणी आलं की पाणी-इथेनॉलचा थर तळाला बसतो. पंप तळातूनच ओढतो. माझ्या स्कूटरला हेच झालं होतं. ई-२०बद्दल वेगळा धागा काढावा का? मायलेजवर बरंच लिहिण्यासारखं आहे.

एरीकाठचा
ओलावा, पाणी नाही. पराग, आवाज अजिबात नाही. रिले बदलून बघितला, फ्यूज शाबूत आहे. मिस्तरी, टाकीला ठोकल्यावर गाडी लागली आणि दोनेक मिनिटांत पुन्हा बंद. तर पंपच, मी म्हणत होतोच. वर की खाली?

सुलेखा_डेट्रॉइट
पेट्रोल किती आहे ते अजून सांगितलं नाहीत.

एरीकाठचा
फुल आहे. बंद पडायच्या आदल्या संध्याकाळी भरलं होतं. त्याने काय फरक पडतो?

सुलेखा_डेट्रॉइट
त्यानेच सगळा फरक पडतो. साडेसहा फुटी हौद्याखाली २६ गॅलनची टाकी असते. म्हणजे जवळजवळ ९८ लिटर, सत्तर किलोच्या वर नुसतं पेट्रोल, आणि ते आतल्या आत हिंदकळत असतं. ती टाकी एका जॅकवर तोलत उतरवायची म्हणजे एका बाजूला कलली की पाइप तुटणार आणि तुम्ही नेमके तिच्याखाली असणार. रिकामी करून उतरवावी म्हणाल तर पंप बंद, म्हणून रेलच्या व्हॉल्व्हमधून काढता येत नाही, आणि भरायच्या तोंडातून नळी बहुधा आत उतरतच नाही, वाटेत झडप असते. हौदा उचलला तर टाकी जागेवरच राहते, पेट्रोल काढावं लागत नाही, आणि पंप टाकीला धरून ठेवणारी कडी डोळ्यांसमोर येते. टाकी भरलेली असताना खालून जायचा विचारच सोडा.

निफाडचा बागाईतदार
ताई, शंभर लिटर पेट्रोल असेल तर मी माझा शब्द मागे घेतो. आमच्याकडे हंगाम संपल्यावर उतरवतो, तेव्हा टाकीत दहा-पंधरा लिटर डिझेल. पण पट्ट्यांना गंज किती आहे तेही बघून घ्या हो. आता तिथपर्यंत पोचताच आहात, तर पट्टी कुजलेली निघाली तर नवी टाका.

टेक्सासचा देशमुख
एवढा व्याप कशाला? हौद्याच्या पत्र्यात पंपाच्या बरोबर वर चौकोन कापा, काम करा, वर पत्रा ठेवून रिव्हेट मारा. पुढच्या वेळी पंप बदलायला पंधरा मिनिटं. मी माझ्या गाडीला केलंय, उत्तम चाललंय.

सुलेखा_डेट्रॉइट
देशमुख, कृपा करून हा सल्ला मागे घ्या. ग्राइंडरच्या ठिणग्या आणि खाली पेट्रोलची टाकी. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेण्याइतकी तयार होते आणि हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत साचून राहते. पाते दोन इंच खाली गेलं तर टाकीचं प्लास्टिक, वायर किंवा लाइन, काहीतरी कापलं जाणारच. डिझेलवर निभावलेलं पेट्रोलवर निभावत नाही.

टेक्सासचा देशमुख
मी पेट्रोल गाडीवरच केलं. ग्राइंडर नव्हता, पत्रा कातरायचं हत्यार होतं, ठिणगी पडत नाही. आणि टाकी बंद असते, वाफ येणार कुठून?

पराग७७
वीस वर्षांच्या ओहायोतल्या गाडीची टाकी? हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकतात त्या रस्त्यांवर चाललेली गाडी आहे ती. टाकीच्या डोक्यावरची कडी आणि लाइनी कुजलेल्या असतात, तिथून वाफ येतच असते. टेक्सासात गंज नाही, म्हणून तुम्हाला ते दिसत नाही. शिवाय हौद्याखाली आडवे बीम असतात, तो चौकोन नेमका बीमवर आला तर?

टेक्सासचा देशमुख
मोजून कापायचं. पण ठीक आहे, ओहायोच्या गंजाचा मला अनुभव नाही, हे मान्य.

शुभदा_क
यापेक्षा इलेक्ट्रिक पिकअप घ्या. टाकीच नाही, पंपच नाही. आमच्या शेजाऱ्यांनी घेतली आहे, फार खूश आहेत. तुमच्याकडे सबसिडी मिळते का?

एरीकाठचा
शनिवारपर्यंत इलेक्ट्रिक गाडी कुठून आणू? सुलेखाताई, ठरलं, हौदाच उचलतो. पण माझ्याकडे क्रेन नाही, माणसं आहेत. मंडळाचे चौघं-पाचजण येतील. पुरतील?

सुलेखा_डेट्रॉइट
पुरतील, पण पूर्ण काढायची गरजच नाही. टाकी ड्रायव्हरच्या बाजूला आहे. म्हणून त्या बाजूचे बोल्ट पूर्ण काढा, दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले करा आणि हौदा एका अंगावर कलता करून खाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या जॅकवर ठेवून आत डोकं घालू नका. ढिले बोल्ट अडत असतील तर तेही काढा आणि चौघांनी पुरा हौदा मागे सरकवा.

बोल्ट सहा किंवा आठ असतील. आज रात्रीच त्यांच्यावर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, उद्या सकाळी परत मारा. तरी हलला नाही तर जोर लावून डोकं तोडू नका, आधी थोडा घट्ट करा, मग सोडा, असं मागेपुढे करत काढा. तापवायला ज्योतीची गॅस टॉर्च आणू नका, तुम्ही पेट्रोलच्या टाकीवर उभे आहात.

उचलण्याआधी तीन गोष्टी सुटलेल्या हव्यात. पेट्रोल भरायच्या झाकणाआतले छोटे स्क्रू, मागच्या दिव्यांचा प्लग, आणि हौद्यापासून चासीला जाणारी अर्थची वायर. ही तिसरी लोक विसरतात आणि उचलताना ती तुटते. बॅटरीची काळी वायर सगळ्यात आधी काढा.

काम बाहेर, उघड्यावर करा. घराला जोडलेल्या गॅरेजमध्ये अनेकदा गॅसवर चालणारा पाण्याचा हीटर असतो, त्याची ज्योत बऱ्याचदा अखंड जळत असते. जमिनीलगत पसरलेली वाफ तिथपर्यंत पोचली की संपलं. बी वर्गाचा (पेट्रोलसारख्या द्रवांच्या आगीसाठीचा) अग्निशामक जवळ ठेवा आणि हाताखाली बिडी-सिगारेटवाला माणूस नको.

वऱ्हाडी मिस्तरी
ताईनं सांगितलं ते सोळा आणे खरं. दोन गोष्टी माह्याकडून. पंपाच्या डोक्यावर वीस वर्षांची माती बसली असन, ती आधी ब्रशनं अन् हवेनं साफ करा, नाहीतर कडी उघडली की सगळी टाकीत पडते अन् नवा पंप महिन्याभरात चोक. अन् कडी फिरवायले लोखंडी छिन्नी लावू नका, पितळेची पट्टी नाहीतर लाकडाचा तुकडा लावून ठोका. लोखंडावर लोखंड ठिणगी देते.

पराग७७
लाइनी क्विक-कनेक्टच्या (क्लिपने अडकणाऱ्या) आहेत, त्याचं प्लास्टिकचं हत्यार काही डॉलरला मिळतं. आधी लाइन थोडी आत दाबायची, मग क्लिप दाबायची, मग ओढायची. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. पंपाची रबरी रिंग नवीच घाला, जुनी फुगलेली असते आणि परत बसत नाही. आणि तुमच्या जुन्या कनेक्टरचे पिन काळे पडलेत का बघा. बऱ्याच नव्या पंपांसोबत नवा कनेक्टर आणि वायरचा तुकडा येतो तो याचसाठी. आळस करून जुनाच ठेवला तर नवा पंपही तापून जातो.

एरीकाठचा
पंप आलाय, कनेक्टर सोबत आहे. पण पाकिटावर ३४ गॅलन लिहिलंय. चालेल?

पराग७७
नाही! ती आठ फुटी हौद्याच्या गाडीची टाकी आहे. उंची वेगळी असली तर पंप तळापर्यंत पोचणार नाही किंवा बसणार नाही, आणि पेट्रोलचा काटाही चुकीचं दाखवेल. आत्ताच बदलून आणा, हौदा उघडण्याआधी. म्हणून सुलेखाताई पहिल्या उत्तरात हौदा किती फुटी ते विचारत होत्या.

एरीकाठचा
दुकानदाराने बदलून दिला, २६ गॅलनवाला मिळाला. मित्राच्या गाडीतून घेऊन आलो. उद्या दुपारी बसवतोय.

निफाडचा बागाईतदार
झाल्यावर जुन्या पंपाच्या जाळीचा फोटो टाका. जाळीवर किती कचरा आहे त्यावरून टाकी आतून धुवायची का ते कळेल. मी सांगतो बघून.

एरीकाठचा
झालं. ड्रायव्हरच्या बाजूचा पुढचा बोल्ट रात्रभर तेल पिऊनही हलेना, शेवटी पराती आणायला आलेल्या काकांनी लांब पाइप लावून सोडवला. हौदा कलता केला, ठोकळे दिले. कडीवर माती एवढी होती की ब्रशने काढून वर हवा मारावी लागली. जुन्या कनेक्टरचा एक पिन तपकिरी होऊन वितळलेला, नवा जोडला. चावी ऑन केल्यावर घुंऽ आलं आणि पहिल्या सेल्फला इंजिन लागलं. गेजवर ५८. बागाईतदार दादा, जाळी बरीच स्वच्छ आहे, फोटो जोडलाय.

एक शंका : हौद्याचे बोल्ट परत घट्ट करताना ग्रीस लावू का?

पराग७७
ग्रीस नको, तेल लागलं तरी बोल्ट जास्त आवळला जातो. अँटी-सीझ (बोल्ट गंजून अडकू नये म्हणून लावायचा लेप) लावा, पण त्यावरही बोल्ट बेतानेच आवळा, कारण कंपनीने दिलेला टॉर्क (आवळायचा जोर) सहसा कोरड्या बोल्टसाठी असतो.

वऱ्हाडी मिस्तरी
ग्रीस लावा. पुढच्या वेळी तुम्हीच दुवा द्याल.

शुभदा_क
पातेली किती माणसांची आहेत? आमच्या मंडळालाही हवी आहेत.