एमएनडी (मोटर न्यूरॉन डिसीज, स्नायूंना चालवणाऱ्या चेतापेशी झिजण्याचा आजार) : ताकद मोजायला नुसत्या हाताने केलेली तपासणी पुरते का?

संधिकाल (मूळ धागा): एमएनडीच्या रुग्णाला दर तीन महिन्यांनी हाताने तपासावं, एमआरसीची (ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च काउन्सिलची) स्नायूंच्या ताकदीची ० ते ५ ग्रेड लिहावी. यंत्रांचं खूळ कशाला?

मोजपट्टी: साफ असहमत. ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध जेमतेम हालचाल, ५ म्हणजे पूर्ण ताकद. मधलं सगळं ४ मध्ये कोंबलेलं. कोपर वाकवायची ताकद निम्मी झाली तरी कागदावर ४ च. तोवर माणसाला कुकरचं झाकण लावता येईनासं होतं आणि फाइल म्हणते, 'फरक नाही'.

संधिकाल: हातात धरायचा डायनामोमीटर (जोर मोजायचं यंत्र) तरी काय, धरणाऱ्याचीच ताकद मोजतो. मांडीच्या जोरापुढे तपासणाऱ्याचा हात मागे सरकतो.

मोजपट्टी: मग हाताने धरताच कशाला? रुग्ण खुर्चीत, गुडघा ९० अंशात, यंत्राचं पॅड घोट्याच्या जरा वर, ते धरून ठेवणारा पट्टा खुर्चीच्या मागच्या पायाला. सांध्यापासून पॅडचं अंतर सेंटिमीटरमध्ये लिहा. पॅड गुडघ्याकडे सरकलं की तेवढ्याच ताकदीला आकडा फुगतो.

चिकाटी: आणि 'मेक' की 'ब्रेक' तेही लिहा! मेकमध्ये रुग्ण स्थिर पॅडवर ३ ते ५ सेकंद जोर लावतो. ब्रेकमध्ये तपासणारा अवयव मागे हटेपर्यंत ढकलतो, तिथे आकडा जास्त येतो. आधी ब्रेक, पुढच्या खेपेला मेक केलं की नसलेली घसरण दिसते. घरचे लोक त्या आकड्याने हादरतात. एवढा एक शब्द लिहायला काय जातं?

संधिकाल: विषय भरकटवू नका. ओपीडीत वेळ कुठे आहे? रुग्णही दमतो.

चिकाटी: दमतो म्हणूनच मोजके स्नायू घ्या, दोन प्रयत्नांत मिनिटभर थांबा. पकडीला जामार (मुठीचा जोर मोजायचं यंत्र), दर वेळी दांड्याची दुसरी खाच, कोपर ९० अंशात. पण नुसत्या पकडीवर विसंबू नका. ती बरीचशी कोपराखालच्या स्नायूंची असते. एमएनडीत अंगठ्याकडचा उंचवटा करंगळीकडच्यापेक्षा जास्त झिजतो, म्हणून चिमटीची ताकदही मोजा.

संधिकाल: पट्ट्याचं मान्य. पण ३ च्या खाली तुमच्या यंत्राला काय सापडणार? तिथे ग्रेडच लागते.

मोजपट्टी: तिथे लिहा ग्रेड, हरकत नाही. माझं भांडण ४ शी आहे.

संधिकाल: पट्टा कसला?

मोजपट्टी: न ताणणारा, नायलॉनचा. इलॅस्टिक नको, पाय पुढे जातो आणि गुडघ्याचा कोन बदलतो.