ड्रम्स शिकताना पहिलं गाणं कोणतं वाजवलंत? (अनुभव धागा)

रामबागची मावशी
काल भाचा नव्या कोऱ्या स्टिक्स घेऊन आला आणि दारातूनच विचारता झाला, "मावशी, पहिलं गाणं कोणतं घेऊ?" फोनवर त्यानं कुठली तरी 'नवशिक्यांसाठी सोपी गाणी' अशी यादी उघडली होती. त्यातलं एकही गाणं त्यानं कधी ऐकलेलं नव्हतं.

मला एकदम आमचा इंदूरच्या रामबागेतला गणपती आठवला. ऑर्केस्ट्रा यायचा. सगळ्या मैत्रिणी गाणाऱ्यांकडे बघत बसायच्या, आणि मी स्टेजच्या कडेला अशी जागा धरायचे जिथून ड्रमवाल्याचा उजवा पाय दिसेल. हात काय करतात ते सगळ्यांनाच दिसतं हो, पाय काय करतो ते कळेना. स्वतः ड्रम्सवर बसायला मात्र चाळिशी उलटावी लागली. मुलगा नोकरीला पुण्याला गेला, त्याचा सेट वरच्या खोलीत तसाच होता.

माझं ठाम मत सांगते. पहिलं गाणं सोपं असण्यापेक्षा पाठ असलेलं असावं. मुखडा कधी परत येतो, अंतऱ्याआधीचं म्युझिक किती चालतं, गाणारा कुठे श्वास घेतो, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. पुढे काय येणार ते आधीच ठाऊक असणं हे ड्रमरचं निम्मं काम. हात अडखळला तरी गाणं हरवत नाही, पुढच्या ओळीला परत पकडता येतं.

माझं पहिलं मायकल जॅक्सनचं 'बिली जीन'. भावाकडे 'थ्रिलर'ची कॅसेट होती, ती आमच्या घरात इतकी वाजली की आईलाही चाल यायची. त्यात लिऑन चान्सलर यांनी जो ताल धरलाय तो म्हणजे ड्रम्सची बाराखडी. चाराच्या मोजणीत हाय-हॅटवर (एकावर एक बसवलेल्या झांजा) आठ, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) पहिल्या आणि तिसऱ्या ठोक्यावर, स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) दुसऱ्या आणि चौथ्यावर, आणि जवळजवळ शेवटपर्यंत तेच. वेग मिनिटाला 117 ठोके. सुरुवातीला तो झेपत नाही. यूट्यूबवर वेग 0.75 करा, साधारण 88 होतो, तिथे पाय आणि हात एकमेकांना ओळखायला लागतात.

तुमचं पहिलं गाणं कोणतं आणि तेच का? लांबलचक लिहिलंत तरी मी वाचणार.

किकपेडल
क्वीन बँडचं वी विल रॉक यू. माझ्याकडे सेट नव्हताच, मांड्या आणि टाळी. दोन किक एक स्नेअर आणि मग रिकामी जागा. ती रिकामी जागाच खरी शिकायची आहे, सगळे तिथे घाई करतात. मूळ गाण्यातही ड्रम सेट नाही, पाय आपटलेत आणि टाळ्या वाजवल्यात, त्यामुळे भाच्याला सांगा आजच सुरू कर, सेटची वाट बघू नको.

तिसरा मजला
ताई तुमच्याकडे वरची खोली आहे म्हणून. आम्ही फ्लॅटवाल्यांनी काय करायचं. खालच्या काकांचं ब्लडप्रेशर आणि माझा किक एकाच वेळी वाढतो 😄

रामबागची मावशी
@तिसरा मजला अगं किकच्या पोटात जुनी उशी भर, खाली जाड सतरंजी. आणि काकांना त्यांचं आवडतं गाणं कोणतं ते विचारून तेच वाजव, निम्मा विरोध तिथेच मावळतो.

तिसरा मजला
ते मुकेशची फर्माईश करतील बघा. विचारते.

ताशेवाला भिया
मी पथकातून आलो. अनंत चतुर्दशीला झांक्यांच्या (चित्ररथांच्या) रात्री ताशा वाजवलाय, रंगपंचमीच्या गेरमध्ये (मिरवणुकीत) वाजवलाय, हाताला वेग होता, तर्री घुमवायचो. ड्रम्सवर बसलो आणि पहिल्या दिवशी हात पळाला पुढे, पाय राहिला मागे. ताशाला ढोल धरणारा वेगळा माणूस असतो ना, इथे तो ढोलवाला म्हणजे तुमचाच उजवा पाय. आमच्या सरांनी सांगितलं, हाताला काही येत नाही असं समज आणि फक्त किकवर अख्खं गाणं काढ. व्हाइट स्ट्राइप्स बँडचं सेव्हन नेशन आर्मी दिलं त्यांनी. त्यांची ड्रमर मेग व्हाइट काय वाजवते हो! काही म्हणजे काही भरत नाही मध्ये. सुरुवातीला नुसते ठोके, चालत्या माणसासारखे. लोक म्हणतात हे काय वाजवणं, मी म्हणतो दोन मिनिटं तसं न सुटता वाजवून दाखवा भिया.

जीरावन
गराडू (तळलेले कंद) सुरू झाले का सराफ्यातल्या खाऊगल्लीत?

ताशेवाला भिया
हओ, कधीचेच. लिंबू मारून दोन प्लेट झाल्या माझ्या.

पंढरीनाथचे आजोबा
मी ड्रम्स वाजवत नाही, पण नातू वाजवतो, आणि मी त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसतो. मी पखवाजवाला. हे नाना पानसे यांचं गाव आहे मंडळी, होळकरांच्या दरबारात त्यांचा पखवाज घुमला आणि त्यांचं घराणं पुढे महाराष्ट्रभर पसरलं. आमच्याकडे शिकवण्याची रीत एकच, आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. जे तोंडाने म्हणता येत नाही ते हाताला येत नाही.

नातवालाही मी तेच करायला लावलं. गाणं लावायचं, काठ्या खाली ठेवायच्या, आणि किकला 'धूं', स्नेअरला 'तक' असं अख्खं गाणं म्हणायचं. धूं तक धूं तक, फिल (दोन ओळींमधली भर) आला की 'तकिट तकिट तक'. पहिल्या दिवशी तो लाजला. आता त्याच्या क्लासमधली इतर मुलंही म्हणतात असं तो सांगतो. कोणतं गाणं हे मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. जे तोंडाने शेवटपर्यंत न अडखळता म्हणता आलं ते घ्यावं. मावशींचं 'पाठ असावं' ते हेच, असं मला वाटतं.

रामबागची मावशी
आजोबा, अगदी हेच. मला तीन परिच्छेद लागले, तुम्ही एका ओळीत सांगितलंत. भाच्याला आज रात्री पढंत.

तबल्याकडून आलेला
मावशींचं पटलं, पण एक भर घालायची आहे आणि ती जरा लांबेल.

आपल्याला लहानपणापासून पाठ असलेली कितीतरी गाणी सहाच्या चालीत असतात. कोळीगीतं घ्या. 'मी डोलकर' कुणाला येत नाही? शांताबाई शेळक्यांचे शब्द, हृदयनाथांची चाल, लताबाई आणि हेमंतकुमार. इंदूरला समुद्र नाही, तरी आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी कोळीनृत्य ठरलेलं! पण ड्रम्सच्या क्लासात पहिले कित्येक महिने सगळं चारात चालतं, सहाचं नावच नाही. माझं म्हणणं, ज्यांच्या कानात दादरा (सहा मात्रांचा ताल) आधीपासून आहे त्यांनी तिथून सुरुवात का करू नये? हाय-हॅटवर सहा, किक पहिल्या मात्रेवर, स्नेअर चौथ्या मात्रेवर. झालं.

तबलावाल्यांना मात्र गंमत इथेच आहे. दादऱ्यात चौथ्या मात्रेवर 'खाली', म्हणजे बिनटाळीची जागा. धा धी ना, धा ती ना. हातावर ताल देताना आपण तिथे हात मोकळा सोडतो. ड्रम्सवर नेमका तिथेच स्नेअरचा दणका! बरेच दिवस माझा डावा हात तिथे येऊन हवेत थांबायचा, इतकी वर्षं त्याला तेच शिकवलेलं. केहरव्यात त्याच्या उलट. आठ मात्रा म्हणजे हाय-हॅटचे आठ ठोके धरले तर खाली पाचवीवर येते आणि तिथे किक बसते, स्नेअर तिसरीवर आणि सातवीवर. एकदा हे कागदावर लिहून काढलं आणि डोक्यातला गुंता सुटला. दोन्ही बरोबर आहेत, वजन वेगवेगळ्या जागी ठेवलंय इतकंच.

त्यामुळे तबला किंवा ढोलकी येत असलेल्या कुणी विचारलं तर मी सांगतो, 'मी डोलकर' घे, 'बिली जीन' त्यानंतर.

पंढरीनाथचे आजोबा
खालीवर दणका! नाना ऐकत असतील तर काय म्हणतील. पण लिहिलंय फार छान, नातवाला वाचून दाखवतो.

किकपेडल
@तबल्याकडून आलेला सहा पासून सुरू केलं की चारात यायला त्रास होतो असं मला वाटतं. माझ्या मैत्रिणीला झाला.

तबल्याकडून आलेला
होतो. चारातून सहात जाताना तितकाच होतो. मग जे कानात आहे तिथून का नको?

किकपेडल
बरं, हे मान्य.

नाइट ड्यूटी
पटकन लिहिते, राउंडची वेळ झाली. बी जीजचं स्टेइंग अलाइव्ह. आम्हाला सीपीआर (हृदय बंद पडलं तर छाती दाबणं) शिकवताना हेच गाणं मनात म्हणायला सांगतात, छातीवर दाब मिनिटाला 100 ते 120 द्यायचे असतात आणि गाणं 103 च्या आसपास आहे. त्यामुळे तो वेग माझ्या हातात इतका बसलाय की मेट्रोनोम (वेगाची टिकटिक देणारं यंत्र) लागलाच नाही. ड्रम्स शिकायला गेले तेव्हा सर म्हणाले एखादं वेगाचं पक्कं गाणं घे, मी म्हटलं माझ्याकडे आहे.

ऑक्टोपॅड
@नाइट ड्यूटी त्या गाण्याचा वेग इतका सारखा का आहे माहितीये? बी जीजचा ड्रमर घरच्या अडचणीमुळे तेव्हा नव्हता, म्हणून त्यांच्याच 'नाइट फीव्हर' गाण्याच्या टेपमधले दोन बार (तालाची दोन आवर्तनं) कापून त्याची गोल पट्टी केली आणि तीच फिरवत ठेवली. 1977. माणूस थकतो, टेप थकत नाही.

नाइट ड्यूटी
अरे वा!! हे उद्या सगळ्यांना सांगणार

दुपारची वेळ
एक शंका आहे. मी बाबांच्या आवडीची जुनी हिंदी गाणी घेते, साठ-सत्तरच्या दशकातली. मेट्रोनोम लावला की अंतऱ्यापर्यंत जुळतं आणि मग सुटतं. परत पहिल्यापासून. माझाच हात घसरतो का?

ऑक्टोपॅड
नाही. तेव्हा सगळे वादक एकत्र बसून वाजवायचे, कानात टिकटिक नसायची. गाणं पुढे सरकताना थोडं चढतं, थोडं सैल होतं, सगळे मिळून. मेट्रोनोम बंद करा आणि ढोलक किंवा बासकडे कान लावा, ते तुम्हाला घेऊन जातील. पक्का वेग शिकायला वेगळं गाणं ठेवा, आणि माणसांबरोबर वाजवायला शिकायला ही जुनी ठेवा. दोन्ही लागतात. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक ड्रम पॅडवर) असतो, तिथे गाणारा भावनेच्या भरात कुठेही जातो, त्याला धरून राहणं हीच आमची रोजीरोटी.

दुपारची वेळ
किती हलकं वाटलं काय सांगू. धन्यवाद दादा.

झांजवाली
आरती! कुणीच कसं लिहिलं नाही? 'सुखकर्ता' सगळ्यांना पाठ, मंडळी शेवटाकडे वेग वाढवत नेतात, 'घालीन लोटांगण'पर्यंत नुसतं धावतं. घरी गणपतीत माझ्या मुलीनं स्नेअर मांडीवर घेऊन साथ केली. क्लासमध्ये तिला एकसारख्या वेगात वाजवायला जमत होतं, पण सगळ्यांबरोबर हळूहळू चढत जाणं तिथे शिकली. आजेसासूबाईंनी झांज खाली ठेवून ऐकलं.

तिसरा मजला
अपडेट. काका म्हणाले मुकेश नको, किशोर. खंडव्याचा आपला माणूस, आमच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला वगैरे अर्धा तास. आणि वेळ दिली आहे, संध्याकाळी पाच ते सहा!! त्यांच्या सोयीची!

रामबागची मावशी
बघ, सांगितलं होतं ना. जिंकलीस.

भाच्याचं सांगते. यादी बंद केली. त्याला विचारलं, अख्खं कोणतं गाणं येतं तुला? म्हणाला 'झिंगाट'. म्हटलं घे. वेग निम्मा केला, त्यात फक्त किक आणि टाळी. शब्द तो ओरडत होता, पाय आपोआप जागेवर पडत होता. यादीतल्या गाण्यावर तो स्क्रीनकडे बघत होता, 'झिंगाट'वर माझ्याकडे बघून हसत होता. मला तेवढा फरक पुरेसा आहे.

ताशेवाला भिया
झिंगाट निम्म्या वेगात!! 😂 व्हिडिओ टाका मावशी

जीरावन
स्टिक्स कुठल्या घेतल्या त्यानं? माझ्या मुलाला घ्यायच्यात, नऊ वर्षांचा आहे.

ऑक्टोपॅड
लहान हाताला सेव्हन ए नंबरच्या घ्या, बारीक आणि हलक्या. मोठ्यांना फाइव्ह ए. दुकानात जाऊन दोन्ही काठ्या टेबलावर घरंगळवून बघा, सरळ जायला हव्यात, वाकडी असेल तर डोलत जाते.

झांजवाली
आमची मुलगी डावखुरी. सेट उलटा लावायचा का? क्लासमध्ये सरळच लावतात.

तबल्याकडून आलेला
दोन्ही चालतं. बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार डावखुरा आणि सगळं सरळ सेटवर वाजवलंय, म्हणून त्याचे फिल वेगळ्याच वाटेनं जातात. तिला एकेक आठवडा दोन्हीकडे बसू द्या, तिच्या पाठ असलेल्या गाण्यावर. कुठे बसल्यावर गाणं म्हणता म्हणता वाजवता येतं ते बघा.

झांजवाली
ठीक, शनिवारी उलटा लावून बघते. पेडलचा स्क्रू कुणाकडून सोडवून घ्यावा लागेल, तो घट्ट बसलाय.