मदत हवी आहे: चढ न काढता समांतर रेषेचं समीकरण
पुतणी अकरावीला आहे, गावात शिकवणी नाही (यवतमाळ जिल्हा). गणित असं: 2क्ष + 3य = 6 ला समांतर, (3, 4) मधून जाणारी रेषा. चढ −2/3 घेऊन बिंदू-चढ सूत्राने 2क्ष + 3य = 18 आलं, पुस्तकाशी जुळलं. मैत्रिणीने मात्र डावी बाजू तशीच ठेवून उजवीकडे क मानला, बिंदू घातला: 6 + 12 = 18. दोन ओळींत! पऱ्हाटीच्या तासांसारखं (शेतातल्या कपाशीच्या ओळींसारखं), दिशा तीच, जागा वेगळी, एवढं पोरीला पटलं. कारण मात्र मला नीट मांडता येत नाही. रेंज कमी, व्हिडिओ चालत नाहीत, लिहूनच सांगा. क्ष = 5 ला तर चढच नसतो, तिथेही ही रीत चालते का? आणि परीक्षेत पूर्ण गुण मिळायला कोणत्या पायऱ्या लिहायच्या?