किंमत नुसत्या तासांवर ठरवू नका

व्हिडिओ गेमच्या किमतीबाबत 'जितके तास, तितके पैसे' हा हिशेब मला अजिबात पटत नाही. 'अ शॉर्ट हाइक' (2019) हा डोंगर चढण्याचा छोटा गेम घ्या. किंमत 8 डॉलर, दोनेक तासांत शिखर गाठता येतं. पण एकेक सोनेरी पीस गोळा करत क्लेअर पक्षीण थोडी थोडी वर चढते, थंडीत दमते आणि माथ्यावर पोचते तेव्हा कुठे तिच्या फोनला रेंज येते! त्यात अजून दहा तास कोंबले असते तर मजाच गेली असती.

'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेममध्ये शेकडो तास जातात, किंमत 15 डॉलर, 2024 चं 1.6 अपडेटही फुकट. म्हणून पहिला गेम महागडा ठरतो का? मला तरी नाही वाटत. फक्त गेम केवढा आहे ते विक्रीच्या पानावर आधीच स्पष्ट सांगा. स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात दोन तासांपेक्षा कमी खेळलेला गेम परत करता येतो, म्हणजे छोटा गेम जवळपास संपवूनही परत जाऊ शकतो, त्यामुळे अशा गेमला ही स्पष्टता जास्तच लागते.