कॅनेडियन फुटबॉल समजून घ्यायला जुना कोणता सीझन बघावा?

विनिपेगची_आई
नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकहून विनिपेगला आलो. लेक सातवीत आहे, तिच्या वर्गात सगळे ब्लू बॉम्बर्सवाले (इथला फुटबॉल संघ), आणि आता तीही त्यांच्यातलीच. मला तिच्या शेजारी बसून सामने बघायचेत, पण दर पाच मिनिटांनी "आता काय झालं गं?" असं विचारायचं नाहीये. जुना एखादा सीझन पहिल्यापासून बघितला तर खेळ अंगवळणी पडेल असं वाटतं. कोणता बघू? अमेरिकन फुटबॉल थोडाफार कळतो.

प्रेअरीकर
ताई, डोळे झाकून 2023.

आधी खेळातला फरक सांगतो. इथे दहा यार्ड पुढे जायला चार नाही, तीनच डाउन (प्रयत्न) मिळतात. म्हणजे दोन डाउन वाया गेले की तिसऱ्याला बहुतेक संघ लाथ मारून चेंडू समोरच्यांना देऊन टाकतात. मैदान 110 यार्ड लांब, 65 रुंद, आणि एका बाजूला खेळाडू बारा. जागा भरपूर, वेळ कमी, त्यामुळे पास जास्त. कॅनेडियन फुटबॉल लीगमध्ये संघ नऊच, पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांत. प्रत्येकाचे 18 सामने जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि नोव्हेंबरात ग्रे कप, म्हणजे विजेतेपदाची फायनल.

आता 2023. वर्षाच्या सुरुवातीला मॉन्ट्रियल अलुएट्सला मालकच नव्हता, संघ लीगनेच ताब्यात घेतला होता. मार्चमध्ये पियेर कार्ल पेलादो यांनी तो विकत घेतला. तोवर क्वार्टरबॅक (पास फेकणारा मुख्य खेळाडू) ट्रेव्हर हॅरिस सस्कॅचवानला निघून गेला होता. त्याच्या जागी आला कोडी फहार्डो, ज्याला सस्कॅचवानने आदल्या सीझनच्या शेवटी बाकावर बसवलं होतं. पूर्वेत टोरंटोने 18 पैकी 16 सामने जिंकले. त्यांच्याच घरच्या मैदानावर ईस्ट फायनलला (पूर्व गटाच्या अंतिम सामन्यात) मॉन्ट्रियलने त्यांना 38-17 असं लोळवलं. मार्क-अँतवान देक्वाने पास अडवून चेंडू 101 यार्ड पळवत नेला, तेवढा एक तुकडा तरी बघाच.

हॅमिल्टनवासी
2023 चांगला आहे, वाद नाही. पण अहो, लेक बॉम्बर्सची! त्या वर्षीच्या ग्रे कप फायनलमध्ये मॉन्ट्रियलने हरवलं ते विनिपेगलाच, 28-24. तेरा सेकंद उरलेले असताना फहार्डोने टायसन फिलपॉटला टचडाउन पास दिला. विनिपेगच्या माणसाला पहिल्या घासालाच हे कशाला वाढायचं?

2019 बघा. बॉम्बर्सनी 1990 नंतर ग्रे कप जिंकला नव्हता. मुख्य क्वार्टरबॅक सीझनमध्येच जखमी, ऑक्टोबरात झॅक कोलारोस आणला, पश्चिमेत संघ तिसरा. म्हणजे प्लेऑफचा एकही सामना घरी नाही. कॅलगरीला जाऊन जिंकले, रिजायनाला, म्हणजे सस्कॅचवानच्या घरी जाऊन जिंकले, आणि फायनलला आमच्या हॅमिल्टनला 33-12 हरवलं. आम्ही त्या वर्षी 18 पैकी 15 जिंकलो होतो, अजूनही लागतं मनाला. सामनावीर अँड्र्यू हॅरिस, तुमच्या विनिपेगचाच मुलगा. 2001 ची फायनल हरल्यावर तिथल्या एका चाहत्याने कप येईपर्यंत हाफपँटच घालीन असा पण केला होता. अठरा हिवाळे त्याने तो पाळला! मॅनिटोबातले हिवाळे आहेत हे.

विनिपेगची_आई
दोन्ही वाचून उत्सुकता वाढलीये. आधी कोणता लावू मग?

प्रेअरीकर
हॅमिल्टनवासींचं पटलं. आधी 2019, मग 2023. याला एक कारणही आहे. 2019 ची वेस्ट फायनल बघा, रिजायना, विनिपेग 20-13 ने पुढे, शेवटचा डाव. सस्कॅचवानचा क्वार्टरबॅक पास फेकतो, चेंडू गोलपोस्टवर आदळतो आणि सामना संपतो. तो क्वार्टरबॅक म्हणजे हाच फहार्डो. हे आधी पाहिलं असेल तर 2023 चा तो शेवटचा पास बघताना विनिपेगकर असूनही त्याच्याबद्दल बरं वाटतं. मला तरी वाटलं.

कॅनडात गोलपोस्ट एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाला असलेल्या, टचडाउन करायच्या पट्ट्याच्या) पुढच्या रेषेवर असतात, म्हणून असं घडू शकतं. लीगने सप्टेंबर 2025 मध्ये जाहीर केलंय की 2027 पासून ते मागे सरकणार, मैदानही 100 यार्डांचं होणार. मला हे अजिबात आवडलेलं नाही. हा खेळ वेगळा दिसतो तो त्या मोठ्या मैदानामुळेच. जुने सीझन बघताय ते त्यासाठीही बरंच.

एडमंटनची_सून
2023 बघणार असाल तर 27 ऑगस्टचा एडमंटन-ओटावा सोडू नका. एल्क्स घरच्या मैदानावर ओळीने 22 सामने हरले होते, 2019 पासून घरी विजय नाही. त्या दिवशी 30-20 ने जिंकले. क्वार्टरबॅक ट्रे फोर्ड कॅनेडियन, या लीगमध्ये ते फार कमी दिसतं.

विनिपेगची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी 2019 ची वेस्ट फायनल लावतेय. आणि मैदानात जाऊन बघायचा तर कोणता सामना?

हॅमिल्टनवासी
बँजो बोल, दुसरा विचारच नको. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या वीकेंडला बॉम्बर्स रिजायनाला जातात आणि पुढच्याच आठवड्यात सस्कॅचवानचे रफरायडर्स विनिपेगला येतात, तोच बँजो बोल. 2023 मध्ये रिजायनात विनिपेग जादा वेळेत 32-30 हरलं, आणि सहा दिवसांनी घरी 51-6 जिंकलं. तिकिटं लवकर संपतात, तेव्हा विक्री सुरू झाल्या झाल्या काढून ठेवा.