नाव बदललं, मोडेमचं काय?

अमेरिकेतल्या टाइम वॉर्नर केबल या केबल-इंटरनेट कंपनीचं नाव स्पेक्ट्रम झाल्यावर सेवा सुधारेल, अशी आशा इथे कुणीतरी मांडली आहे; ती मलाही होती. पण स्पेक्ट्रम हे नाव वापरणाऱ्या चार्टर या दुसऱ्या केबल कंपनीने २०१६ मध्ये ही कंपनी घेतली आणि २०१८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्याशी १७.४२ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली. जाहिरातीतला इंटरनेटचा वेग घरी मिळत नाही, हा आरोप होता. बराचसा दोष जुन्या कंपनीच्या काळातला, हे मान्य. तरी ग्राहकांकडे भाड्याने दिलेले जुने मोडेम त्या वेगाला पुरेसे नव्हते, हा मुद्दा मला फार लागतो. दर महिन्याला भाडं घ्यायचं आणि यंत्र जुनंच! ट्रकवर नवं नाव रंगवण्याआधी ते बदलायला हवे होते. कुणाकडे अजून तसा मोडेम असेल तर आजच फोन करून बदलून मागा.