तंबूबाहेरचा जनरेटर: स्वस्त की महाग? वापरणाऱ्यांनी लिहा

पायवाट
कॅम्पिंगसाठी छोटा पेट्रोल जनरेटर घ्यायचं चाललंय. एकीकडे उघड्या सांगाड्याचे स्वस्त जनरेटर, खोक्यावर भला मोठा आकडा. दुसरीकडे सुटकेससारखे बंदिस्त इन्व्हर्टरवाले, वॅट निम्मे आणि किंमत कितीतरी पट. तक्ते आणि जाहिराती वाचून झाल्या. ज्यांनी प्रत्यक्ष दोरी ओढली आहे त्यांचे अनुभव हवेत. माझा वापर: मोबाईल-कॅमेऱ्याचं चार्जिंग, दिवे, एक छोटा फ्रिज आणि वडिलांचं रात्रीचं सीपॅप (झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र).

रानभैरी
स्वस्तातला आहे, अजून दणकट चालतो. वॅट भरपूर, दुरुस्ती कुठलाही मेकॅनिक करतो. पण खरं सांगायचं तर तो मी शेजारी कोणी नसेल तिथेच लावतो. संध्याकाळी सगळे गप्पा मारत बसलेत आणि मध्येच याची धडधड, म्हणजे वरातीतला बँड तंबूच्या दारात. एकदा शेजारच्या तंबूतली बाई काही न बोलता नुसती येऊन समोर उभी राहिली. मीच उठून बंद केला.

मिलीअँपिअर
किंमत बाजूला ठेवा, आधी आत काय आहे ते बघा. साध्या जनरेटरमध्ये इंजिनाचे फेरे आणि विजेची फ्रिक्वेन्सी एकमेकांना बांधलेली असतात. 50 हर्ट्झ हवेत तर इंजिन मिनिटाला 3000 फेऱ्यांवरच पळणार, मग तुम्ही फ्रिज लावा नाहीतर एकटा मोबाईल. इन्व्हर्टर जनरेटर आधी एसीचा डीसी करतो आणि त्यातून नवी, गुळगुळीत एसी लाट तयार करतो. त्यामुळे लोड कमी असला की इंजिन हळू चालू शकतं. आवाज कमी, पेट्रोल कमी. लाटेतली विकृती चांगल्या इन्व्हर्टरवाल्यात 3 टक्क्यांच्या आत असते, साध्या स्वस्त यंत्रात दहाच्या पुढेही जाते. बल्बला त्याचं काही नाही. पण काही चार्जर तापतात, काही यूपीएस अशी वीज घेतच नाहीत.

उदाहरण म्हणून होंडाचा ईयू22आय घ्या. कमाल 2200 वॅट, सलग 1800. वजन एकवीस किलोच्या आसपास, टाकी 3.6 लिटरची. पाव लोडवर सुमारे आठ तास चालतो, पूर्ण लोडवर तीन तासांच्या थोडं वर. तंबूत बहुतेकांचा लोड पाव किंवा त्याहून कमीच असतो, आणि या वर्गाच्या यंत्राचे पैसे वसूल होतात ते तिथे. ज्याला दिवसभर कटर आणि ड्रिल चालवायचंय त्याने उगाच इकडे पैसे घालू नयेत.

तंबूवासी
वरच्या मुद्द्याला जोडून. खोक्यावरचा मोठा आकडा क्षणभराचा असतो. सलग किती देतो ते बारीक अक्षरात असतं, खरेदी त्यावर करा. घरगुती फ्रिज चालताना फार वॅट घेत नाही, पण कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका मारतो. आमच्या ग्रुपमधल्या एकाचा छोटा इन्व्हर्टर जनरेटर नेमका त्या झटक्याला ओव्हरलोडचा लाल दिवा दाखवून बसायचा. इको मोड (लोड कमी असला की इंजिन हळू करणारी सोय) बंद करून फ्रिज लावला आणि मग परत चालू केला की घ्यायचा.

निवांत
आवाजाच्या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. बहुतेक कंपन्या 7 मीटरवर मोजतात आणि जाहिरातीत पाव लोडचाच आकडा छापतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट केलं की साधारण 6 डेसिबल कमी होतात. तेव्हा लांब, जाड तारेची एक्स्टेन्शन घेतली तर मधल्या किमतीचा जनरेटरही सुसह्य होतो. बारीक तार नको, व्होल्टेज पडतं आणि तार तापते.

ठिणगी
निवांत, लांब ठेवा म्हणालात ते आवाजासाठी, पण त्याहून मोठं कारण धूर आहे. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. तंबूपासून किमान 6 मीटर, धुराचं तोंड पलीकडे, आणि वारा तंबूकडून जिकडे वाहतो त्या बाजूला. पाऊस आला म्हणून तंबूच्या छताखाली ओढायचा नाही, आवाज कितीही कमी असला तरी. खरं तर शांत यंत्राच्याच बाबतीत लोक जास्त सैल होतात, असं मी पाहिलंय. हल्लीच्या काही मॉडेलमध्ये हा वायू वाढला की इंजिन आपोआप बंद पडतं. त्या सोयीसाठी मी जास्त पैसे दिले आणि देईन. तंबूत बॅटरीवरचा अलार्म तरीही ठेवतेच.

चढण
उंचावर जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा: दर 300 मीटरला साधारण साडेतीन टक्के ताकद कमी होते. 3000 मीटरवर म्हणजे एक तृतीयांशाच्या आसपास गेलीच. महाग-स्वस्त, कार्ब्युरेटरवाल्या सगळ्यांना हाच नियम.

रानभैरी
आणि कार्ब्युरेटरवरून आठवलं. जुनं पेट्रोल आत राहिलं की चिकट थर बसतो आणि पुढच्या वेळी दोरी ओढून खांदा निखळतो. महागडा आहे म्हणून सुटका नाही. ठेवून देण्याआधी पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. शिवाय नवं यंत्र बहुधा ऑइल न भरताच येतं, पहिली दोरी ओढण्याआधी भरा. माझ्या मॅन्युअलप्रमाणे पहिलं ऑइल 20 तासांनी बदलायचं होतं, ते काढलं तेव्हा त्यात चमचमणारा धातूचा चुरा दिसला.

मधलीवाट
अनोळखी ब्रँडचा इन्व्हर्टर जनरेटर हा तिसरा पर्याय कोणीच लिहिला नाही. माझ्याकडे तोच आहे. आवाज थोडा जास्त, वीज चांगली. अडचण एवढीच की इन्व्हर्टरचा बोर्ड गेला तेव्हा विक्रेत्याकडे सुटा भाग नव्हता, बरेच आठवडे यंत्र पडून होतं. घेण्याआधी एअर फिल्टर, दोरीची स्प्रिंग आणि बोर्ड वेगळे मिळतात का ते विचारा. नाही म्हणाले तर ती स्वस्ताई खोटी.

पायवाट
सगळ्यांचे आभार. आता कल इन्व्हर्टरवाल्याकडे आहे. पण सीपॅपसाठी रात्रभर चालू ठेवणं योग्य का?

ठिणगी
नका ठेवू. ह्युमिडिफायर (हवा दमट करणारा भाग) आणि गरम नळी बंद ठेवायला डॉक्टरांची हरकत नसेल तर सीपॅप बहुधा 30 ते 60 वॅटवर भागतं. 500 वॅट-तासांचं पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेटवाली मोठी चार्जिंगची बॅटरी घ्या, शक्यतो लिथियम आयर्न फॉस्फेटचं. सरासरी 40 धरली तर आठ तासांना 320 लागतात, तोटा धरूनही रात्र निघते. यंत्राचा खरा आकडा मात्र घरी वॅटमीटर लावून बघा. दुपारी दोनेक तास जनरेटर लावून स्टेशन भरून घ्यायचं, फ्रिजही तेव्हाच गार करायचा. असं केलंत तर एक किलोवॅटचा छोटा इन्व्हर्टर जनरेटरसुद्धा पुरेल, फक्त फ्रिजचा सुरुवातीचा झटका तो घेतो का ते दुकानातच लावून बघा.